निवासी शाळेतल्या किशोरांच्या पाठीशी उभं राहायचं असेल तर

घरात धोका असलेल्या, रस्त्यावर येण्याच्या बेतात असलेल्या किंवा दुसऱ्या देशातून नुकत्याच आलेल्या मुलामुलींसाठी चालणाऱ्या निवासी शाळेला मदत करावी, असं अनेकांना मनापासून वाटतं. सुरुवात मात्र बहुतेक वेळा एखाद्या कार्यक्रमाने होते. एक दिवस जायचं, खाऊ आणि वह्या वाटायच्या, मुलांशी खेळायचं, संध्याकाळी परत यायचं. त्या दिवशी मुलं हसतात, हे खरं आहे. पण ज्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातून मोठी माणसं एकामागून एक निघून गेली आहेत, त्याच्या हिशेबात आणखी एक येऊन गेलेला माणूस जमा होतो.

म्हणून पुढचं सगळं मी एकाच कसोटीवर तपासून लिहिलं आहे: या मदतीमुळे मुलाभोवतीची माणसं टिकतील का? हवाई बेटांपैकी काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी पुढे कित्येक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी नीट उभी राहिली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे निदान एका मोठ्या माणसाशी जुळलेलं पक्कं नातं. ते माणूस आईवडीलच असलं पाहिजे असं नव्हतं. आजी, शिक्षक, शेजारी, कुणीही चाललं. निवासी शाळेला आधार द्यायचा म्हणजे असं माणूस प्रत्येक मुलाला मिळेल आणि मिळालेलं टिकेल, याची तजवीज करायची.

पहिली पायरी: जागा समजून घ्या

अशा शाळांना मोठा इतिहास आहे. १९२७ साली तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये सिगफ्रीड लेहमान यांनी बेन शेमेन हे युवाग्राम, म्हणजे किशोरांचं निवासी शाळा-गाव, सुरू केलं. १९३३ मध्ये बर्लिनमध्ये रेखा फ्रायर यांनी ज्यू किशोरांना जर्मनीबाहेर काढण्याची चळवळ उभी केली आणि जेरुसलेममध्ये हेन्रिएटा झोल्ड यांनी त्या मुलांच्या राहण्याशिकण्याची व्यवस्था सांभाळली. आईवडील मागे राहिलेले, भाषा परकी, अशा हजारो मुलांसाठी शेती, शाळा आणि घर एकाच आवारात असण्याची पद्धत त्यातून पक्की होत गेली. इस्रायलमधल्या कार्मेल डोंगरावरचं येमिन ओर्द हे गाव १९५३ साली वसलं. महायुद्धातून वाचलेल्या मुलांनंतर तिथे इथिओपिया, पूर्वीचा सोव्हिएत संघ आणि इतर देशांतून आलेली मुलं राहू लागली. स्वित्झर्लंडमधलं ट्रोगेनचं पेस्टालोझी बालग्राम १९४६ चं. रवांडातलं अगाहोझो-शालोम २००८ चं. ते अ‍ॅन हेमन यांनी इस्रायली युवाग्रामांचा नमुना समोर ठेवून, वंशसंहारानंतर पोरक्या झालेल्या मुलांसाठी उभं केलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की यातल्या प्रत्येक ठिकाणी 'गाव' ही कल्पना मध्यभागी आहे. वर्ग आहेत, पण त्यांच्या आजूबाजूला घरं आहेत. प्रत्येक घरात ठराविक मुलं आणि त्यांच्यासोबत राहणारी मोठी माणसं आहेत. जेवण, झोप, भांडण, सण आणि अभ्यास हे सगळं एकाच समाजात घडतं. तुम्ही ज्या संस्थेला मदत करणार आहात, तिथे हे चित्र कितपत खरं आहे, ते आधी बघा.

मुलं कुठून येतात हेही समजून घ्या. एकाच खोलीत दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेली मुलं असू शकतात. एकाला घरातल्या मारहाणीमुळे किंवा व्यसनामुळे न्यायालयाने इथे पाठवलेलं असतं. दुसऱ्याला आईवडिलांनी मोठ्या आशेने, शिकून मोठं व्हावं म्हणून, परदेशी एकट्याने पाठवलेलं असतं. इस्रायलमध्ये तर आईवडिलांच्या आधी मुलांनी येऊन शिकावं यासाठी १९९२ पासून 'नाअले' नावाचा खास कार्यक्रमच आहे. पहिल्याला घरी जायचं नसतं, दुसऱ्याला रोज घरी जायचं असतं. दोघांना एकच औषध लागू पडत नाही. आणि दोघांचेही आईवडील बहुधा हयात असतात. या जागेला अनाथाश्रम समजून वागलात, तर पहिल्याच भेटीत मुलं दुखावतात.

दुसरी पायरी: मदत देण्याआधी चौकशी करा

संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांचा गाभा सोपा आहे: मुलाला घरापासून दूर ठेवणं खरंच गरजेचं आहे का, आणि असेल तर ही विशिष्ट जागा त्या विशिष्ट मुलाला योग्य आहे का. हे दोन प्रश्न चांगली संस्था स्वतःच स्वतःला विचारत असते. तुम्ही विचारलेत तर तिला राग येत नाही.

प्रत्यक्ष भेटीत मी पुढच्या गोष्टी विचारेन:

- संस्थेची नोंदणी, तपासणी आणि हिशेब कुणाकडे असतात आणि ते बघता येतात का?
- प्रत्येक मुलाची स्वतंत्र संगोपन योजना आहे का? ती किती महिन्यांनी तपासली जाते, आणि तेव्हा मुलाला समोर बसवलं जातं का?
- घरात रात्री कोण असतं? ती व्यक्ती किती वर्षं इथे आहे?
- मुलाला तक्रार करायची असेल, आणि तीही घरातल्या मोठ्या माणसाविरुद्ध, तर ती कुणाकडे जाते?
- पालकांशी संपर्क कसा आणि किती वेळा होतो?
- गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेली मुलं आता कुठे आहेत, हे सांगता येतं का?

शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देते. माजी विद्यार्थी सुट्टीला परत येत असतील, लग्नाला बोलावत असतील, अडचणीत फोन करत असतील, तर त्या जागेत काहीतरी खरं आहे. 'गेल्यावर काही कळत नाही' असं उत्तर आलं, तर इमारत कितीही देखणी असो, जरा थांबा.

आणखी एक धोक्याची खूण सांगते. पाहुणे आले की मुलांना रांगेत उभं करून गाणी म्हणायला लावणारी, मुलांच्या दुःखाच्या कथा नावाफोटोसह देणगीदारांना पाठवणारी संस्था टाळा. जगात काही ठिकाणी देणग्या आणि स्वयंसेवक मिळावेत म्हणून मुलांना घरातून उचलून संस्थांमध्ये ठेवल्याचं उघड झालं आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला, तेव्हा या प्रकारावर उघड चर्चा झाली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठरावातही असं 'स्वयंसेवी पर्यटन' रोखण्याची गरज नोंदवली गेली. आपला चांगला हेतू मुलांच्या मुळावर येऊ नये, यासाठी ही चौकशी टाळता येत नाही.

तिसरी पायरी: सुरक्षिततेचे नियम आधी स्वतःला लावा

तुमची पोलिस पडताळणी मागितली, संदर्भ विचारले, प्रशिक्षणाला बसवलं, तर समाधान माना. मागितलं नाही, तर तुम्हीच विचारा की का नाही.

बाकी नियम थोडक्यात. मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही. बोलणं खासगी असावं, पण दिसेल अशा जागी. मुलाला आपल्या घरी न्यायचं नाही, संस्थेची रीतसर परवानगी आणि पालकांची संमती असल्याशिवाय. फोटो काढायचे नाहीत. स्थलांतरित मुलाच्या बाबतीत एका फोटोमुळे मागे राहिलेलं कुटुंब धोक्यात येऊ शकतं. स्वतःचा फोन नंबर देणं, रात्री उशिरा संदेश पाठवणं, एकालाच भेटवस्तू देणं, हे संस्थेच्या नियमांशिवाय करायचं नाही.

एका प्रसंगाची तयारी मात्र नीट करून ठेवा. मूल कधीतरी म्हणेल, 'एक सांगतो, पण कुणाला सांगणार नाही असं वचन द्या.' वचन देऊ नका. शांतपणे सांगा की तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला ज्यांच्याकडे मदत आहे त्यांना सांगावं लागेल, आणि कुणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन. बहुतेक मुलं तरीही बोलतात. बोलल्यावर खोदून प्रश्न विचारू नका, तपास तुमचं काम नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि त्याच दिवशी बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला द्या.

चौथी पायरी: मुलांआधी गृहमातेला विचारा

माझ्या मते सगळ्यात कमी मदत जिथे पोचते आणि सगळ्यात जास्त लागते ती जागा ही. गृहमाता, गृहपिता, रात्रपाळीचे समुपदेशक ही माणसं मुलांसोबत राहतात. सकाळी उठवणं त्यांचं, ताप आला की जागणं त्यांचं, दार आपटून बाहेर पडलेल्या मुलीच्या मागे अंधारात जाणंही त्यांचंच. पगार बहुधा कमी, सुट्टी अपुरी, आणि मुलांनी सांगितलेलं रोज ऐकून मनावर येणारा भार वेगळाच. ही माणसं दोन वर्षांत थकून सोडून गेली, की मुलांना पुन्हा तोच जुना अनुभव: इथेही कुणी राहत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत गृहमातेला विचारा, 'तुमचा आठवडा कशाने हलका होईल?' उत्तरं अगदी साधी येतात. आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासाच्या वेळी कुणीतरी बसावं. दवाखान्याच्या चकरा मारायला गाडी आणि सोबत माणूस मिळावं. महिन्यातून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाजवळ मन मोकळं करता यावं. तिच्या स्वतःच्या मुलांना सांभाळायला कुणी असावं. बदली माणसाचा पगार कुणी उचलला, तर तिला वर्षातून सलग पंधरा दिवस सुट्टी घेता यावी.

देणगीदारांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: संगणक कक्षाला नाव देण्याऐवजी एका घराच्या गृहमातेच्या प्रशिक्षणाचा, देखरेखीचा आणि बदली माणसाचा खर्च तीन वर्षांसाठी उचला. त्याचा फलक लागत नाही. पण त्या घरातल्या दहा-बारा मुलांना शाळा संपेपर्यंत तेच माणूस दिसतं.

पाचवी पायरी: वागणं वाचायला शिका

ज्यांना मुलांसोबत प्रत्यक्ष काम करायचं आहे, त्यांनी ही पायरी सावकाश वाचावी.

फार ताण सोसलेल्या मुलाचं शरीर कायम सावध असतं. मागून हात ठेवला तर ते दचकतं, आवाज चढला की पळतं किंवा अंगावर येतं. रात्री झोप लागत नाही, कारण आजवर वाईट गोष्टी रात्रीच घडल्या. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. ती सलग महिनाभर मिळाली नाही, तर वर्गात दिसणारा आळस, चिडचिड आणि विसराळूपणा यांचं अर्धं कारण तिथेच सापडतं. म्हणून घराला मदत करताना रात्रीचा विचार करा: मंद दिवा, आतून लावता येईल पण मोठ्यांना उघडता येईल अशी कडी, स्वतःचं कुलूप असलेलं कपाट, आणि जागं राहून बोलायला तयार असलेलं एक माणूस.

अन्न लपवणं हा प्रकार जवळपास प्रत्येक अशा घरात दिसतो. उशीखाली पोळ्या, दप्तरात बिस्किटं. यावर ओरडलं की लपवणं वाढतं. प्रत्येकाला नावाचा एक डबा द्या, त्यात सुका खाऊ कधीही संपणार नाही याची काळजी घ्या आणि त्या डब्याविषयी प्रश्न विचारू नका. काही महिन्यांनी बहुतेक डबे भरलेलेच राहू लागतात.

घरी जाऊन आल्यानंतरचे दोन दिवस, सणाचे दिवस, वाढदिवस, कुणी सोडून जाण्याआधीचा आठवडा हे अवघड दिवस. नेमकं तेव्हाच मूल भांडतं, पळून जातं, तुमचा अपमान करतं. ज्याच्यावर जीव जडला आहे त्यालाच ते आधी दूर लोटतं, म्हणजे उद्या त्याने सोडलं तरी धक्का बसणार नाही. अशा वेळी तुम्ही पुढच्या मंगळवारी ठरल्या वेळी पुन्हा येणं, हे कुठल्याही समजावणीपेक्षा मोठं काम करतं. आदल्या भेटीत काय झालं ते उकरून काढू नका. 'मागच्या वेळी गणित अर्धं राहिलं होतं, काढूया का?' एवढं पुरे.

शिस्तीचं काय? शिस्त हवीच. नियम कमी आणि ठाम असावेत, आणि शिक्षा म्हणून घरी फोन करण्याची मुभा, जेवण, किंवा घरातली जागा कधीच काढून घेऊ नये. या बाबतीत पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांचं काम आजही उपयोगी आहे. १९१२ मध्ये सुरू झालेल्या वॉर्सातल्या आपल्या अनाथगृहात त्यांनी आणि स्तेफानिया विल्चिन्स्का यांनी मुलांचं न्यायालय चालवलं. न्यायाधीश मुलंच असत. मोठ्यांवरही खटला भरता येई, आणि कोर्चाक स्वतःही त्या न्यायालयापुढे उभे राहिले. त्याच्या संहितेतली पहिली ९९ कलमं कुठल्या ना कुठल्या कारणाने माफ करण्याची होती. त्यानंतर शंभर-शंभराच्या टप्प्यांनी कलमं कडक होत जात, आणि घरातून काढून टाकण्याचं कलम अगदी शेवटी, १००० व्या क्रमांकावर होतं. १९४२ साली त्या दोघांनाही मुलांसोबत त्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आलं. त्यांनी घालून दिलेली रीत मात्र राहिली: मुलाला न्याय मिळतो हे त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि चूक झाली तरी घर जात नाही हे त्याला माहीत असलं पाहिजे. तुमच्या संस्थेत मुलांची सभा असेल, तर तिला खरे अधिकार मिळावेत म्हणून आग्रह धरा. जेवणाचा बेत, फोनच्या वेळा, खोल्यांची वाटणी, खर्चातला एक ठराविक भाग. नुसती सूचनापेटी दोन महिन्यांत रिकामी राहू लागते.

सहावी पायरी: भाषा आणि अभ्यास

नव्या देशात आलेलं मूल वर्षा-दोन वर्षांत मैदानावर, बाजारात, मित्रांमध्ये छान बोलू लागतं. मग शिक्षकांना वाटतं, भाषा आली, आता मार्क कमी म्हणजे मेहनत कमी. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं की रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण इतिहासाचा उतारा समजून उत्तर लिहिण्याची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. पंधराव्या वर्षी आलेल्या मुलाकडे परीक्षेपर्यंत एवढी वर्षंच नसतात. त्यामुळे मदत नेमकी कुठे हवी ते बघा.

शिकवणी घेणार असाल तर एका मुलाला, ठरलेल्या वारी, निदान एक शैक्षणिक वर्ष शिकवा. पाच मुलांना पाच आठवडे शिकवण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी. पहिल्या महिन्यात त्याला काय येतं ते शोधा, काय येत नाही ते आपोआप कळेल. गणित त्याच्या मूळ भाषेत करून घ्या. कित्येकदा मुलाला समीकरण सोडवता येतं, फक्त शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही. प्रत्येक धड्याच्या आधी त्यातले दहा-बारा शब्द बोलून घ्या. लिहिताना पहिला मसुदा मातृभाषेत लिहू द्या. मातृभाषा बाजूला ठेवली की नवी लवकर येते, हा समज चुकीचा आहे. जे वाचनलेखन एका भाषेत पक्कं झालं, त्यातलं बरंचसं दुसरीत उतरतं. ट्रोगेनच्या बालग्रामात सुरुवातीला एकेका देशाच्या मुलांना वेगळं घर आणि त्यांच्याच देशातले गृहपालक होते, शिकणंही आपल्या भाषेत. तेवढं करणं आज सगळीकडे जमणार नाही. मातृभाषेतली पुस्तकं, ती भाषा बोलणारं आठवड्यातून एकदा येणारं माणूस आणि भिंतीवर त्या लिपीतली पाटी, इतकं जमतं.

धोक्याच्या घरातून आलेल्या पण इथल्याच मुलांची अडचण वेगळी. त्यांच्या शालेय शिक्षणात मोठी खिंडारं असतात: एखादं वर्ष पूर्ण गेलेलं, अपूर्णांक कधी शिकलेच नाहीत. नववीच्या वर्गात बसून पाचवीचं गणित करायची त्यांना प्रचंड लाज वाटते. ते काम एकांतात, वरच्या इयत्तेच्या उदाहरणांच्या आडून करून घ्यावं.

आणि अभ्यासाशिवाय निदान एक गोष्ट अशी हवी ज्यात मूल हुशार ठरतं. सुतारकाम, वाद्य, शेत, फुटबॉल, गाड्यांची दुरुस्ती. तुमच्या हातात असं कौशल्य असेल तर तेच घेऊन जा.

सातवी पायरी: आईवडिलांना बाजूला सारू नका

मुलाचे आईवडील चुकलेले असोत, आजारी असोत, हजारो मैल लांब असोत, ते त्याचे आईवडील आहेत. तुम्ही त्यांच्याविषयी वाईट बोललात की मूल तुमच्यापासून लांब जातं. तुम्ही त्यांची जागा घ्यायला गेलात की मुलाच्या मनात अपराधी भावना तयार होते.

करण्यासारखं बरंच आहे. लांबच्या पालकांशी बोलायला घड्याळाच्या फरकाप्रमाणे ठरलेली वेळ, चालणारं इंटरनेट आणि एकांत मिळवून द्या. पालकसभेला दुभाषा आणा. मुलालाच आपल्या आईसमोर स्वतःविषयीच्या तक्रारींचा दुभाषा करणं हे दोघांवरही अन्याय करणारं आहे, आणि दवाखान्यात किंवा न्यायालयात तर ते कधीही होऊ नये. प्रगतिपत्रकाची चार वाक्यं पालकांच्या भाषेत लिहून पाठवा, आणि त्यात एक तरी चांगली बातमी ठेवा. अनेक मुलं फोनवर 'सगळं छान आहे' एवढंच सांगतात, कारण त्यांना घरच्यांना काळजीत टाकायचं नसतं. काही मुलांवर घरी पैसे पाठवण्याचं ओझं असतं. ते तुमच्या लक्षात आलं, तर मुलाला उपदेश न करता समाजसेवकाला सांगा. शिक्षण सोडून कामाला लागण्याचा निर्णय बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

आठवी पायरी: कागद, डोळे, दात

स्थलांतरित मुलाच्या आयुष्यात एक हरवलेला कागद सगळं अडवू शकतो. प्रत्येक मुलाची एक फाइल हवी: जन्मदाखला किंवा त्याऐवजी चालणारं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र, राहण्याचा परवाना आणि त्याची मुदत, जुन्या शाळेचे दाखले, लसीकरणाची नोंद. मुदतीच्या तारखा एका मोठ्या कॅलेंडरवर असाव्यात. अनेक देशांत अठरा वर्षं पूर्ण होताच अल्पवयीन म्हणून मिळालेलं संरक्षण संपतं. त्यामुळे वकिलाची गाठ सतराव्या वर्षाच्या आतच घालून द्यायची. तुम्ही वकील असाल, तर तुमच्या चार तासांचं मोल इथे फार मोठं आहे. नसाल तर फी भरा. कायद्याचा सल्ला स्वतःच्या अंदाजाने देऊ नका.

डोळे, कान आणि दात आल्या-आल्या तपासून घ्या. 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळालेल्या मुलाला फळाच दिसत नव्हता, असं निघू शकतं.

नववी पायरी: पैसे आणि वस्तू

रकमेपेक्षा सातत्य महत्त्वाचं. दर महिन्याची लहान, बंधन नसलेली आणि तीन वर्षं ठरलेली देणगी संस्थेला माणसं नेमू देते. एकदाच आलेल्या मोठ्या रकमेवर कुणी पगारी माणूस नेमत नाही.

गृहमातेच्या हातात एक छोटा निधी असावा, असा आग्रह धरा. बुटाचा तळ निघाला, वर्गमित्राच्या वाढदिवसाला न्यायला भेट हवी, सहलीचे पैसे हवेत, अशा वेळी अर्ज आणि तीन सह्या लागल्या की मूल मागणंच बंद करतं.

वस्तू द्यायच्या तर नव्या, मापाच्या आणि मुलाने निवडलेल्या. किशोरवयात कपडे ही ओळख असते. कुणाचे तरी उतरलेले कपडे घालून शाळेत जाणं काय असतं, ते आठवून बघा. आणि प्रत्येकाला एक चांगली बॅग नक्की घ्या. कितीतरी मुलं आपलं सगळं सामान प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन येतात, आणि तसंच घेऊन जातात.

दहावी पायरी: अठराव्या वर्षानंतर

सगळी मेहनत इथे एकतर सार्थकी लागते किंवा वाया जाते. स्वतःच्या घरात वाढलेली मुलं अठरा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत. पंचविशीतही नोकरी गेली की परत येतात. संस्थेतल्या मुलावर मात्र ठरलेल्या तारखेला एकदम मोठं होण्याची वेळ येते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने पालक-कुटुंबात, म्हणजे सांभाळायला घेतलेल्या दुसऱ्या कुटुंबात, वाढलेल्या मुलांना एकवीस वर्षांपर्यंत तिथेच राहण्याची सोय मिळाली. निवासी गृहांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी जवळच राहून संपर्क ठेवण्याची वेगळी योजना नंतर आली.

तयारी सोळाव्या वर्षी सुरू करा. स्वतःचं बँक खातं, महिन्याचा खर्च लिहिणं, आठवड्याचा स्वयंपाक, डॉक्टरची वेळ घेणं, भाडेकरार वाचणं, नोकरीचा अर्ज, आणि पगारपत्रक समजणं. हे वर्गात शिकवून येत नाही. मुलाला सोबत घेऊन बँकेत जा, पहिल्यांदा तुम्ही बोला, दुसऱ्यांदा त्याला बोलू द्या, तिसऱ्यांदा बाहेर थांबा.

बाहेर पडताना त्याच्या हातात काय असलं पाहिजे, ते लिहून काढा: राहण्याची जागा, पहिल्या तीन महिन्यांचा खर्च, पूर्ण कागदपत्रं, औषधं, आणि अशा दोन माणसांचे नंबर जी रात्री फोन उचलतील. त्यातलं एक माणूस तुम्ही होऊ शकता का? भाडेकराराला जामीन राहणं, पहिल्या मुलाखतीला सोबत जाणं, सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलावणं, ही कामं छोटी दिसतात, पण त्यासाठी आपलं नाव आणि वेळ पणाला लावावा लागतो.

संस्थेला मदत करणाऱ्यांनी माजी विद्यार्थ्यांच्या खोलीसाठी निधी जरूर उभा करावा. आवारात दोन-तीन बिछाने कायम रिकामे ठेवलेले, नोकरी गेली, परीक्षा हुकली, सैन्यातून किंवा कॉलेजातून सुट्टी मिळाली आणि जायला घर नसलं, तर परत येता यावं म्हणून. येमिन ओर्दसारख्या युवाग्रामांत माजी विद्यार्थ्यांसाठी दार उघडं ठेवण्याला महत्त्व दिलं जातं. लहान मुलांनाही त्याचा फायदा होतो. इथून गेलेली मोठी मुलं परत येताना त्यांना दिसतात, आणि आपणही उद्या असे येऊ शकू हे त्यांना कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

तुम्हाला थांबावं लागलं तर

नोकरी बदलते, आजारपण येतं, घरच्या जबाबदाऱ्या वाढतात. थांबणं गैर नाही, न सांगता थांबणं गैर आहे. निदान सहा आठवडे आधी मुलाला स्वतः सांगा. कारण खरं सांगा, आणि त्यात त्याचा काही दोष नाही हे स्पष्ट शब्दांत बोला. तुमच्या जागी येणाऱ्याची ओळख तुम्ही असतानाच करून द्या, दोन-तीन भेटी तिघं मिळून बसा. शिकवणीची वही नव्या माणसाकडे द्या: काय झालं, कुठे अडतं, कशाने हसतो. मूल चिडलं, भेटायलाच आलं नाही, तरी ठरल्या दिवशी शेवटच्या तारखेपर्यंत जात राहा. 'अधूनमधून येईन' असं म्हणू नका. महिन्यातून एक पत्र जमणार असेल तर तेवढंच कबूल करा, पहिल्या पत्राची तारीख त्याच्यासमोर कॅलेंडरवर लिहा, आणि ते पत्र त्या तारखेच्या आधी पोस्टात टाका.